पाल्याची चढण : एका स्थलांतरी माशाच्या संरक्षणाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१. विषयप्रवेश

नद्यांच्या इतिहासात घाटांना, तीर्थांना, धरणांना व कालव्यांना जे स्थान मिळाले आहे, ते नदीत राहणाऱ्या जलचरांना क्वचितच मिळाले आहे. एखाद्या मोठ्या बंधाऱ्याचा वृत्तान्त लिहिताना किती एकर जमीन भिजली, किती खर्च झाला व किती महसूल वाढला, याचा तपशील इतिहासकार देतो. त्याच बंधाऱ्याने कोणाची वाट अडवली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा प्रश्न विचारण्यास ज्या माशाच्या हकिगतीने भाग पडते, तो मासा म्हणजे पाला होय.

मराठी किनाऱ्यावर ज्याला पाला म्हणतात, तोच सिंधमधला पल्ला, गुजरातेतील चाकसी, आंध्रातील पुलस आणि बंगालमधला इलिश होय. इराणच्या आखातापासून ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यापर्यंत त्याचा वावर आहे. फ्रान्सिस बुकॅनन हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज शास्त्रात तो टेनुआलोसा इलिशा या नावाने ओळखला जातो. आयुष्याचा बराच काळ तो समुद्रात व खाड्यांत काढतो. मात्र वीण गोड्या पाण्यात व्हावी लागते, म्हणून पावसाळ्यात नद्यांना लोंढा आला की थव्याथव्यांनी तो प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो. एका मादीच्या पोटात काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत अंडी असू शकतात. अंडी साधारणतः एका दिवसात फुटतात. पिल्ले काही महिने नदीत व नदीमुखात वाढतात आणि मग समुद्राकडे उतरतात. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून वर येणाऱ्या माशांना महाराष्ट्रात चढणीचे मासे म्हणतात. पाला हा मोठ्या नद्यांच्या मापाचा चढणीचा मासा आहे, असे म्हटल्यास त्याची राहणी ध्यानात येईल.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. जात म्हणून पाहिल्यास पाला नष्ट होण्याच्या बेतात आलेला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१४ मध्ये त्याची गणना फारशी चिंता नसलेल्या जातींत केली. पण जात टिकणे वेगळे आणि एखाद्या नदीतली तिची चढण टिकणे वेगळे. सिंधू, कावेरी, गोदावरी, नर्मदा, गंगा या नद्यांच्या वरच्या टप्प्यांतून पाल्याची चढण एकामागून एक नाहीशी झाली किंवा नाममात्र उरली. इतिहासाच्या दृष्टीने हानीचे खरे परिमाण चढण हेच आहे. कारण चढण ज्या गावावरून जात होती, त्या गावचा कोळी, बाजार आणि सणवार तिच्याशी बांधलेले होते.

ही हानी कोणाच्याही नजरेतून सुटली होती, असे नाही. दीडशे वर्षांत तिच्यावर एकामागून एक तीन उपाय सुचवले गेले : प्रथम माशासाठी जिना, नंतर अंड्यांची कृत्रिम उबवणी आणि अखेरीस मासेमारीवर निर्बंध. हे तिन्ही उपाय माशाला किंवा कोळ्याला बदलू पाहणारे होते. नदीच्या पाण्याच्या वाटपाला हात घालणारा चौथा उपाय मात्र प्रत्येक वेळी पुढे ढकलला गेला. हा क्रम योगायोगाचा नव्हता, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. बंधारे आणि डे यांचा अहवाल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण हिंदुस्थानातील नदीमुखांचे स्वरूप बदलले. सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८३६ मध्ये कोलेरून नदीवर बंधारे झाले. गोदावरीवरील धवलेश्वरमचा बंधारा १८४७ मध्ये सुरू होऊन १८५२ मध्ये पुरा झाला, आणि पाठोपाठ बेझवाड्याला कृष्णेवर बंधारा उभा राहिला. दुष्काळाने गांजलेल्या त्रिभुज प्रदेशांत ह्या बंधाऱ्यांनी जे स्थैर्य आणले, ते निर्विवाद आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरी आणि कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते; ह्या दोन्ही नद्यांच्या मुखांशी जे घडले ते महाराष्ट्राच्या इतिहासाला अगदीच परके नाही.

हे बंधारे उंचीने फार मोठे नव्हते. ऐन पुरात पाणी त्यांच्या माथ्यावरून वाही आणि त्या काही दिवसांत थोडेफार मासे वर जाऊ शकत. पण पाल्याची चढण काही दिवसांची नसून सबंध हंगामाची असते. पूर ओसरताच थवे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकून पडत व तेथे त्यांना पकडणे अतिशय सोपे होई. बंधाऱ्यामुळे त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडल्या. वरची विणीची जागा तुटली आणि खाली मासे मोठ्या प्रमाणात सापडू लागले. काही वर्षे बाजारात पाल्याची रेलचेल दिसली, तरी ती समृद्धीची खूण नव्हती. विणीला निघालेला मासा वाटेत अडून मारला जात होता, इतकाच तिचा अर्थ होता. पकडीचे आकडे वाढलेले पाहून साठा वाढला असे अनुमान काढण्याची चूक पुढेही अनेकदा झाली आहे.

ही गोष्ट सरकारी दप्तरात नोंदवली गेली ती प्रामुख्याने फ्रान्सिस डे यांच्यामुळे. मद्रासच्या लष्करी सेवेतील हे शल्यवैद्य पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील माशांवरील त्यांचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. माशांच्या ऱ्हासाची कारणे सांगताना त्यांनी बारीक आसाची जाळी, स्थिर सापळे आणि पाण्यात विष कालवण्याची रीत यांबरोबरच पाटबंधाऱ्यांचाही समावेश केला. बंधाऱ्यांत माशांना वाट ठेवावी, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने बांधलेल्या कामावर सरकारच्याच अधिकाऱ्याने ठेवलेला हा दोष होता, हे ह्या अहवालाचे महत्त्व.

अहवालानंतर चोवीस वर्षांनी, १८९७ मध्ये, हिंदी मत्स्यव्यवसाय कायदा झाला. त्याने पाण्यात स्फोटके व विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. स्थिर सापळे, जाळ्यांचे आस आणि बंदीचे हंगाम यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. ह्या तरतुदी योग्यच होत्या. पण पाटबंधारे खात्याने माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असे बंधन कायद्यात कोठेही आले नाही. डे यांनी सांगितलेल्या कारणांपैकी जी कोळ्याच्या हातून घडत होती ती कायद्याच्या कक्षेत आली. जे कारण राज्यसंस्थेच्या हातून घडत होते ते कक्षेबाहेर राहिले. पुढच्या शतकाच्या धोरणाचा साचा येथेच पडला.

३. जिना आणि उबवणी

बंधाऱ्याला लागून पाण्याच्या पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधायची आणि माशाने ती चढून पलीकडे जायचे, ही मत्स्यसोपानाची कल्पना युरोपातून आली. तेथील सामन मासा उसळी मारून लहानसहान धबधबे ओलांडतो. सोपानाचे मूळ माप त्याच्या सवयींवरून ठरले होते. पाला हा सामनपेक्षा अगदी निराळ्या कुळातला, हेरिंग-तारलीच्या जवळचा मासा. तो उसळी मारीत नाही. थव्याने, मुख्य धारेचा माग धरून चालतो. विस्तीर्ण नदीच्या एका कडेला ठेवलेली अरुंद वाट त्याला सापडणे कठीण आणि सापडली तरी चढणे त्याहून कठीण. परक्या माशाच्या मापाने बेतलेला हा उपाय येथल्या नद्यांत यशस्वी झाला नाही, यात नवल नाही.

दुसरा उपाय अमेरिकेच्या उदाहरणावरून आला. तेथेही शॅड नावाचा, पाल्याच्याच कुळातला मासा अटलांटिक किनाऱ्याच्या नद्यांत चढत असे, आणि तेथेही गिरण्यांसाठी घातलेल्या बांधांनी त्याची वाट अडली होती. १८७१ मध्ये अमेरिकेत मत्स्य आयोग स्थापन झाला, तेव्हा शॅडच्या अंड्यांची कृत्रिम उबवणी हे त्याचे एक मोठे कार्य ठरले. त्याच वर्षी शॅडची पिल्ले आगगाडीने कॅलिफोर्नियात नेऊन सॅक्रामेंटो नदीत सोडण्यात आली आणि ती तेथे रुजली. ह्या यशाने जगभरच्या मत्स्यतज्ज्ञांच्या मनावर विलक्षण परिणाम केला. पाल्याला इंग्रजीत भारतीय शॅड म्हणण्याची रूढी होतीच. नावाच्या साम्यावरून उपायाचे साम्य गृहीत धरले गेले.

मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये मत्स्यव्यवसायाचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. तेथील मत्स्यसंवर्धनाचे तज्ज्ञ एच. सी. विल्सन यांनी कोलेरूनवरील खालच्या बंधाऱ्यापाशी पाल्याच्या कृत्रिम उबवणीचे प्रयोग केले. विणीला आलेल्या नर-माद्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी मिळत असल्यामुळे ती जागा सोयीची होती. ज्या अडथळ्याने संकट आणले त्याच अडथळ्यापाशी उपाय शोधला जात होता. अंडी फलित करणे व पिल्ले काढणे साधले. परंतु पाला हाताळणी सहन न करणारा मासा आहे. पाण्याबाहेर काढताच तो मरतो, आणि पक्व नर व मादी एकाच वेळी मिळणेही दुर्घट असते. नदीतील पकड सावरेल इतक्या प्रमाणावर हे काम कधीच पोचले नाही व पुढे ते बंद पडले. १९३४ मध्ये मेत्तूरचे धरण पुरे झाले आणि कावेरीचा पावसाळी लोंढाच जलाशयात अडकला. त्यानंतर कावेरीतील पाल्याची मासेमारी झपाट्याने खालावली. पिल्ले सोडून चढण टिकत नाही. चढणीला लोंढ्याची हाक लागते, हा धडा मेत्तूरने दिला.

४. सिंधू नदी : मुंबई इलाख्याचा एक अध्याय

१९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे सक्कर येथील लॉइड बंधारा हा मुंबई सरकारच्या इतिहासातीलही एक मोठा अध्याय ठरतो. १९३२ मध्ये तो सुरू झाला. त्यापूर्वी पाला सिंधू नदीतून मुलतानपर्यंत जात असल्याचे नमूद आहे. सक्करच्या बंधाऱ्याने तो प्रवास तुटला. १९५५ मध्ये हैदराबादजवळ कोटरी येथे आणखी एक बंधारा झाला आणि पाल्याची चढण नदीच्या शेवटच्या टप्प्यापुरती उरली. कोटरीला सोपान ठेवला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.

सिंधी समाजात पल्ला ही केवळ खाण्याची वस्तू नाही. झुलेलाल ह्या दैवताचे चित्र पल्ल्यावर आरूढ असलेले काढतात, आणि सक्करजवळच्या नदीतील बेटावर त्याचे स्थान आहे. पल्ला सागराकडून वर येतो तो ह्या स्थानाच्या दर्शनाला, अशी तेथली श्रद्धा होती. १९४७ नंतर जे सिंधी निर्वासित कल्याणजवळ उल्हासनगरात व अन्यत्र वसले, त्यांनी हे चित्र बरोबर आणले. मत्स्यारूढ दैवत आज महाराष्ट्रातील मंदिरांत पुजले जाते. ज्या चढणीवरून ती प्रतिमा सुचली ती चढण मात्र मूळ जागी थांबली आहे. लोकस्मृती आणि निसर्गाची वस्तुस्थिती यांच्यात अंतर कसे पडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सिंधूच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न अधिक उघडपणे पुढे आला. वरच्या अंगाला मंगला व तरबेला ही मोठी धरणे झाल्यावर पावसाळ्याबाहेरच्या अनेक महिन्यांत कोटरीखाली जवळजवळ पाणीच उरेनासे झाले. १९९१ मध्ये पाकिस्तानच्या प्रांतांत पाणीवाटपाचा करार झाला, तेव्हा समुद्राकडे काही किमान पाणी सोडण्याची गरज त्यात मान्य करण्यात आली. ते १ कोटी एकर-फूट असावे, ही सिंधची भूमिकाही नोंदवली गेली. पण आकडा निश्चित न करता प्रश्न पुढील अभ्यासावर सोपवला गेला. तत्त्व मान्य करायचे आणि प्रमाण पुढे ढकलायचे, ही रीत ह्या सबंध इतिहासात वारंवार भेटते.

५. संशोधनाचे पर्व

उपाय आधी आणि माहिती नंतर, असा उलटा क्रम पाल्याच्या वाट्याला आला होता. मासा नेमका कोठे वितो, त्याची पिल्ले कोठे वाढतात, हे नीट ठाऊक होण्यापूर्वीच सोपान आणि उबवणी करून झाली होती. ही उणीव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून भरून निघू लागली. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी बंगालमध्ये ह्या कामाला गती दिली. कलकत्त्याला पाणी पुरवणाऱ्या पलता येथील टाक्यांत नदीच्या पाण्याबरोबर पाल्याची पिल्ले येतात, ही गोष्ट हुगळीतील विणीच्या शोधाला मोठा आधार ठरली. धरणे आणि स्थलांतरी मासे ह्या प्रश्नावर होरा यांनी १९४० मध्ये स्वतंत्रपणे लिहिले. १९४२ मध्ये देवनेसन यांनी गोदावरी, कृष्णा व कावेरी ह्या तीन नद्यांतील बंधाऱ्यांचा पाल्यावर झालेला परिणाम तपासला. म्हणजे मोठ्या धरणांचे युग सुरू होण्यापूर्वीच शास्त्रीय इशारा उपलब्ध होता.

पश्चिम किनाऱ्यावर ह्या संशोधनाचे श्रेय मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील सी. व्ही. कुलकर्णी यांच्याकडे जाते. भडोच जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. नर्मदेतील पाल्याची वीण, त्याची अंडी व पिल्लांच्या वाढीच्या पहिल्या अवस्था यांचे कुलकर्णी यांनी केलेले वर्णन १९५० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढील अभ्यासकांनी ते आधारभूत मानले. स्वातंत्र्याच्या वर्षीच बंगालमध्ये अंतर्देशीय मत्स्यव्यवसायाचे मध्यवर्ती संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे १९५८ पर्यंत टी. व्ही. आर. पिल्ले यांनी हुगळीतील पाल्याच्या जीवनक्रमाचा विस्तृत अभ्यास पुरा केला.

ह्या संशोधनातून एक गोष्ट निश्चित झाली. पाल्याच्या जीवनक्रमात नदीचा लोंढा, गोड्या-खाऱ्या पाण्याची हद्द आणि पिल्लांसाठी सुरक्षित नदीमुख ही तीन अंगे परस्परांशी निगडित आहेत. त्यांपैकी एकच सांभाळून भागत नाही. ज्ञान असे एकसंध होत चालले असताना कारभार मात्र विभागलेलाच राहिला. बंधारे पाटबंधारे खात्याकडे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे, बंदरे व गाळ तिसऱ्याकडे अशी वाटणी होती. मत्स्यव्यवसाय खात्याच्या हाती कोळ्यावर नियम लादण्याची सत्ता होती. पाणी सोडण्याची नव्हती.

६. फरक्का

ह्या विभागणीचा सर्वांत मोठा परिणाम गंगेवर दिसतो. पाला पूर्वी गंगेतून अलाहाबाद व कानपूरपर्यंत आणि यमुनेतून आग्रा-दिल्लीपर्यंत जात असे. समुद्रापासून हजारभर किलोमीटरांहून अधिक अंतरावरील ह्या शहरांच्या बाजारांत पावसाळ्यात समुद्राचा मासा नदीच्या वाटेने येई. १९७५ मध्ये फरक्क्याचा बंधारा कार्यान्वित झाला. कलकत्ता बंदरातील गाळ धुऊन निघावा म्हणून गंगेचे ४०,००० क्यूसेकपर्यंत पाणी भागीरथी-हुगळीत वळवणे, हा त्याचा हेतू होता. सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास लांबीच्या ह्या बंधाऱ्यात माशांसाठी पाश ठेवले होते. त्यांनी चढण टिकली नाही. बक्सर, अलाहाबाद येथली पाल्याची पकड काही वर्षांतच नगण्य झाली.

फरक्क्याचा दुसरा परिणाम तितकाच बोधप्रद आहे. वळवलेल्या पाण्यामुळे हुगळीच्या मुखातील खारटपणा घटला आणि गोड्या पाण्याचा पट्टा समुद्राच्या दिशेने खाली सरकला. एकाच बांधकामाने नदीचा वरचा भाग पाल्याला बंद केला आणि खालच्या भागातील पाण्याचा गुणधर्म पालटला. बंधाऱ्याकडे केवळ भिंत म्हणून पाहणे अपुरे आहे, हे त्यावरून कळते. तो पाण्याच्या वाटपाचे यंत्र आहे, आणि माशाचे भवितव्य भिंतीइतकेच वाटपावर अवलंबून असते.

अलीकडच्या काळात जुने दोन्ही उपाय फरक्क्यावर नव्या स्वरूपात परत आले. गंगा शुद्धीकरणाच्या कार्यक्रमाखाली बंधाऱ्याच्या खाली पकडलेले जिवंत पाले वरच्या अंगाला सोडण्यात येऊ लागले व काहींना ओळखखुणा लावण्यात आल्या. २०१९ मध्ये तेथील नव्या जलपाशाचे दार ठरावीक वेळी माशांसाठी उघडे ठेवण्याची योजना जाहीर झाली. पहिला प्रयत्न विल्सन यांच्या उबवणीची आठवण देतो, दुसरा डे यांच्या शिफारशीची. दुसऱ्याचे महत्त्व अधिक आहे; कारण बंधारा चालवण्याच्या वेळापत्रकातच माशाला जागा असावी, हे त्यात प्रथमच कबूल करण्यात आले.

७. कायदा आणि कोळी

पूर्व बंगालातील अनेक हिंदू घरांत आश्विनातील पूजेनंतर माघातील सरस्वतीपूजेपर्यंत इलिश न खाण्याची प्रथा होती. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न घालण्याची चाल आहे. अशा प्रथांत संरक्षणाचे परंपरागत शास्त्र पाहण्याचा मोह होतो. तथापि नारळी पौर्णिमेच्या चालीमागे खवळलेल्या समुद्राचे भय हे उघड कारण आहे, आणि बंगालच्या प्रथेत विणीला निघालेल्या माशाला पावसाळ्यात अभय नाही. प्रथांचा परिणाम काही अंशी हितकर झाला असेल. पण त्यांचा हेतू संरक्षणाचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

कायद्याने बंदी आणण्याचा मार्ग पूर्व बंगालमध्ये १९५० च्या मत्स्यरक्षण कायद्यापासून सुरू झाला. पाल्याच्या पिल्लांना तेथे जाटका म्हणतात. ठरावीक लांबीखालील जाटका पकडण्यास मनाई झाली. पण बंदी कागदावर राहिली, आणि त्याचे कारण कोळ्यांच्या अर्थव्यवहारात होते. माणिक बंद्योपाध्याय यांची पद्मेवरील नावाड्यांची कादंबरी १९३६ मध्ये ग्रंथरूपाने आली. पावसाळी रात्री इलिश पकडणाऱ्या, पण होडी व जाळे दुसऱ्याचे असलेल्या माणसांचे जीवन हा तिचा विषय आहे. तो केवळ कल्पित नव्हता. हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून दादन, म्हणजे उचल, घ्यायची आणि सगळी मासळी त्यालाच त्याच्या भावाने द्यायची, ही पद्धत त्या प्रदेशात दीर्घकाळ चालत आली. उचल घेतलेल्या कोळ्याला बंदीचे दिवस म्हणजे व्याजाचे दिवस. अशा माणसाने पिल्ले सोडून द्यावीत ही अपेक्षा नीतीच्या दृष्टीने रास्त असली, तरी व्यवहारात टिकणारी नव्हती.

बांगलादेशाने २००३ मध्ये आखलेल्या कृती आराखड्याचे वैशिष्ट्य येथे आहे. जाटका-बंदी, अभयारण्ये आणि आश्विनातील मुख्य विणीच्या दिवसांत संपूर्ण मनाई यांच्या जोडीला, बंदीच्या महिन्यांत नोंदलेल्या कोळी कुटुंबांना तांदूळ देण्याची योजना झाली. आरंभी महिन्याला १० किलो असलेले हे प्रमाण पुढे चार महिन्यांसाठी ४० किलोपर्यंत वाढले. विणीच्या काळातील मनाई २०१६ पासून २२ दिवसांची झाली. २००२-०३ मध्ये सुमारे २ लाख टनांवर आलेले पाल्याचे उत्पादन २०१९-२० मध्ये साडेपाच लाख टनांवर गेले.

ह्या आकड्यांचे मूल्यमापन सावधपणे केले पाहिजे. वाढीतील मोठा वाटा समुद्रातील पकडीचा आहे. नदीतील पकडीचे प्रमाण एकंदरीत घटतच गेले आहे. यांत्रिक होड्या व अधिक खोल पाण्यातील मासेमारी यांचाही परिणाम त्यात मिसळलेला आहे. धवलेश्वरमच्या पायथ्याशी साचलेल्या मासळीने जो भ्रम निर्माण केला होता, तो टाळावयाचा असेल तर केवळ एकूण टनांकडे न पाहता नदीनिहाय चढणीकडे पाहावे लागेल. शिवाय तांदूळ उशिरा मिळणे, नोंदणीतून कुटुंबे सुटणे आणि तेला-मिठाला व कर्जाच्या हप्त्याला रोख पैसा नसणे ह्या तक्रारी सतत येत राहिल्या. असे असूनही ह्या योजनेने एक तत्त्व प्रस्थापित केले : संरक्षणाची किंमत असते, आणि ती सगळ्यांत गरीब माणसाने एकट्याने सोसावी हे न्याय्य नाही.

पश्चिम बंगालने २०१३ मध्ये २३ सेंटिमीटरांखालील पाला पकडण्यास मनाई केली आणि लालबाग ते फरक्का, कटवा ते हुगळी घाट यांसारखे नदीचे पट्टे राखीव केले. एकाच माशाच्या दोन तीरांवर दोन राज्यसंस्था, दोन वेळापत्रके आणि दोन प्रकारचे निर्बंध, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली. माशाला ही सीमा ठाऊक नाही. कोळ्याला ती चांगलीच ठाऊक आहे, कारण आपण होडी बांधून बसलो असता पलीकडचा जाळे टाकतो, हे तो रोज पाहतो.

८. पाण्यातील वाटेकरी

तिन्ही उपायांचा हा आढावा अखेर एका मुद्द्यावर येऊन थांबतो. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात ७५ टक्के भरवशाचे २.८ कोटी एकर-फूट पाणी चार राज्यांत वाटले : मध्य प्रदेशाला १.८२५ कोटी, गुजरातला ९० लाख, राजस्थानला ५ लाख आणि महाराष्ट्राला २.५ लाख एकर-फूट. ह्या चार आकड्यांची बेरीज केली असता ती बरोबर २.८ कोटी होते. नदीचे मुख नावाचा पाचवा वाटेकरी त्या हिशेबात नव्हता. ज्या नदीमुखाजवळ कुलकर्णी यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी पाल्याच्या विणीचे वर्णन केले होते, त्याच्या वाट्याला उरेल तेवढेच पाणी आले.

परिणामांची साखळी पुढे सरळ आहे. वर पाणी अडल्याने मुखाशी लोंढा घटला. लोंढा घटल्याने खारे पाणी आत सरकले. खारे पाणी अडवण्यासाठी भडोचच्या खाली भाडभूत येथे नदीच्या मुखाजवळच आडवा बंधारा घालण्याचे ठरले व २०१७ मध्ये त्याचा पाया घातला गेला. तेथील कोळ्यांनी त्याला विरोध केला. पहिल्या धरणाने निर्माण केलेल्या दोषावर दुसरा बंधारा हा उपाय, आणि त्या उपायाने चढणीच्या दारालाच अडसर, असा हा क्रम आहे. एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर प्रत्येकाला सबळ कारण सापडते. पिण्याचे पाणी, शेती व जमिनीचे रक्षण ही कारणे क्षुल्लक नाहीत. पण निर्णयांची मालिका एकत्र वाचली म्हणजे त्यांत कोणाचे म्हणणे कधीच ऐकले गेले नाही, हे दिसते.

१८७३ ते आजवरच्या अनुभवातून काही निष्कर्ष निघतात. पाल्याच्या ऱ्हासाचे ज्ञान उशिरा झाले, असे म्हणता येत नाही. डे, होरा व देवनेसन यांचे इशारे वेळेवर आले होते. उपायही झाले, पण त्यांची निवड परिणामकारकतेवरून न होता, त्यांची झळ कोणाला लागते यावरून झाली. सोपानाची झळ कोणालाच लागत नव्हती, उबवणीची थोड्या खर्चापुरती लागत होती, बंदीची झळ कोळ्याला लागत होती. पाणी सोडण्याची झळ शेती, वीज आणि शहरे यांना लागली असती, म्हणून तो उपाय मागे राहिला. कोळ्याची झळ अंशतः तरी भरून देण्याचे पाऊल बांगलादेशाने उचलले, आणि फरक्क्याच्या दारांच्या वेळापत्रकाने बंधाऱ्याच्या कारभारात माशाचा प्रवेश झाला. ही दोन्ही पावले लहान असली तरी त्यांची दिशा जुन्या उपायांहून निराळी आहे.

पाणीवाटपाच्या निवाड्यांचा आणि मत्स्यव्यवसायाच्या कागदपत्रांचा अभ्यास आजवर वेगवेगळ्या दालनांत होत आला. पाटबंधाऱ्याच्या इतिहासकाराने कोळीवाड्याचे दप्तर चाळले नाही आणि मत्स्यशास्त्रज्ञाने लवादाचा निवाडा वाचला नाही. हे दोन प्रकारचे पुरावे नदीनिहाय एकत्र मांडल्यास, कोणत्या नदीतली चढण कोणत्या निर्णयानंतर आणि किती वर्षांत नाहीशी झाली, याचा क्रम लावता येईल. नर्मदेसारख्या नदीच्या मुखाशी जेथे चढणीचा अवशेष अजून आहे, तेथे हा क्रम केवळ भूतकाळाचा तपशील ठरणार नाही. पुढचे दार बंद करण्यापूर्वी मागच्या दारांचा हिशेब पाहण्याची सोय त्यातून होईल.